बेलम आणि बिल्लासुरगम: मुलांना चुनखडीच्या गुहेत नेण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विट्याच्या एका शाळेला आठवी-नववीच्या 40 मुलांना चुनखडीची नैसर्गिक गुहा दाखवायची आहे, तीही आदिमानवाच्या खुणा असलेली. आंध्रातल्या बेलम गुहेचं नाव ऐकून आहेत. जवळपास असं काही आहे का, तिथं नेमकं काय बघायचं आणि मुलांना घेऊन उतरताना काय बिघडू शकतं?

जवळपास नाही. का नाही, हे मुलांना सहलीआधीच सांगा, म्हणजे निम्मी सहल वर्गातच होते. सातारा-सांगलीचा डोंगर म्हणजे काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो पाण्यात विरघळत नाही. कऱ्हाडजवळची आगाशिवची लेणी किंवा मिरजेजवळचा दंडोबा मुलांनी पाहिला असेल; ती छिन्नी-हातोड्यानं कोरलेली आहेत, भिंतीवर टाकीचे घाव दिसतात. चुनखडीची गुहा पाणी करतं. पावसाचं पाणी हवेतून आणि मातीतून कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं, खडकाच्या भेगांत शिरतं आणि हजारो-लाखो वर्षं त्या भेगा खात राहतं.

याचा पुरावा तुमच्या स्वयंपाकघरात आहे. ओट्याचा काळा कडप्पा म्हणजे आंध्रातल्या त्याच भागातली चुनखडी. लिंबू सांडून राहिलं की कडप्प्यावर फिकट, खरबरीत डाग पडतो आणि घासून जात नाही. तिथला दगड विरघळलेला असतो. फरशीच्या दुकानातून कडप्प्याचा तुकडा मागून आणा. पॉलिश किंवा तेलाचा हात असेल तर आधी खिळ्यानं ओरखडा काढा, निघालेल्या भुकटीवर लिंबाचा रस टाका, बारीक बुडबुडे येतील. शेजारी काळ्या पाषाणाची खडी ठेवून तिच्यावरही टाका, काही होणार नाही. एक काळजी घ्या: आपल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत कधी कधी पांढरं कॅल्साइट (चुन्याचं खनिज) भरलेलं असतं, ते फसफसतं आणि मुलं गोंधळतात. खडी निवडताना पांढरे ठिपके नसलेली घ्या. द्राक्षबागायतदारांच्या घरची मुलं असतील तर त्यांना हे लगेच कळतं, कारण चुनखडी जास्त असलेल्या रानात वेलीची पानं पिवळी पडतात हे त्यांनी पाहिलेलं असतं.

आता जागा. आंध्र प्रदेशातल्या नंद्याळ जिल्ह्यात (2022 पर्यंत हा भाग कर्नूल जिल्ह्यात होता) दोन गुहासमूह तुमच्या कामाचे आहेत. कोलिमिगुंडलाजवळ बेलम: मोजलेली लांबी 3229 मीटर, त्यातला साधारण दीड किलोमीटर भाग दिवे, वाट आणि हवेची सोय करून पर्यटकांना खुला आहे. दुसरा बेटमचर्लाजवळचा बिल्लासुरगम, जिथून आदिमानवाच्या अभ्यासाचं मोठं काम झालं. बहुतेक जण बेलम पाहून परततात आणि ‘आदिमानव कुठं दिसला नाही’ म्हणतात. तो दिसणारच नाही. बेलमचं वैभव भिंती आणि छताचं आहे. तिथं माणूस वावरला, जैन-बौद्ध भिक्षू राहून गेल्याचं मानतात, जुन्या भांड्यांचे अवशेषही मिळाले. पण वाट तयार करताना मूळ जमीन झाकली-हलवली गेली. आणि गुहेतला माणूस सापडतो तो जमिनीत, पायाखालच्या गाळात. म्हणून गुहा कशी होते ते बेलममध्ये दाखवा आणि गुहेत माणूस कसा सापडतो ते बिल्लासुरगममध्ये. उलट क्रमानं नेलंत तर बिल्लासुरगम मुलांना मोडक्या कड्यासारखं वाटेल.

प्रवासाचं गणित सरळ आहे. सांगली-मिरजेकडून बेळगाव, हुबळी, होस्पेट, बळ्ळारी, गुंतकल, गुत्ती, ताडिपत्री या रस्त्यानं बेलम सुमारे 600 किलोमीटर पडतं. बसनं 12-13 तास धरा, मुलांच्या थांब्यांसकट त्याहून जास्त. एका दमात जाऊ नका. होस्पेटला मुक्काम करून हंपी पाहा, दुसऱ्या दिवशी ताडिपत्री किंवा बनगानपल्लीला पोचा, तिसऱ्या दिवशी सकाळी गुहा. रेल्वेनं जायचं तर तिरुपतीला जाणाऱ्यांना माहीत असलेली कोल्हापूर-तिरुपती हरिप्रिया एक्सप्रेस मिरजेवरून गुत्ती-ताडिपत्री मार्गे जाते. ताडिपत्रीहून बेलम सुमारे 30 किलोमीटर. पण गाडी ताडिपत्रीला रात्री अवेळी पोचते, 40 मुलांना घेऊन तिथं उतरण्यापेक्षा बस बरी. काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा. एप्रिल-मेमध्ये बाहेरच चाळिशीपार असतं आणि मुलं गुहेत शिरण्याआधीच थकतात. पावसाळ्यात भूमिगत पाणी वाढतं, वाटा निसरड्या होतात. रविवार, संक्रांत आणि महाशिवरात्र टाळा, गर्दीत अरुंद जागा तुंबते. वेळा आणि तिकीट निघण्याच्या आठवड्यात आंध्र पर्यटन महामंडळाकडून विचारून घ्या, सकाळी उघडताच पहिल्या तासात आत जा.

बेलम सपाट शेतजमिनीखाली आहे. वर डोंगर नसतो, त्यामुळे बसमधून उतरल्यावर मुलं ‘गुहा कुठाय?’ म्हणतात. छत खचून पडलेले खोल खड्डे हीच प्रवेशद्वारं, त्यातल्या मधल्या खड्ड्यातून जिन्यानं खाली जातात. 1884 मध्ये भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी या गुहेची नोंद केली, 1982 ते 1984 मध्ये डॅनियल गेबाउअर यांच्या जर्मन पथकानं तिची सविस्तर मोजणी केली आणि 2002 च्या सुमारास ती लोकांना खुली झाली. आत नावाच्या पाट्या लावलेल्या आहेत: सिंहद्वार, कोटिलिंगालु, सप्तस्वर गुहा, पाताळगंगा. नावं पाठ करण्यात वेळ घालवू नका, मुलांना तीन गोष्टी शोधायला सांगा.

पहिली, भिंतीवरच्या पंचपात्रीएवढ्या गोलसर खळग्या आणि गुळगुळीत लाटा. वाहत्या पाण्यानं त्या खाल्लेल्या असतात. असमान उताराच्या खळग्यांवरून पाणी कुठून कुठं वाहिलं ते सांगता येतं: ज्या बाजूला कड तीव्र, त्या बाजूकडून पाणी आलं. दुसरी, छताची सरळ रेघ. पाहिलं तर बऱ्याच ठिकाणी बोळाच्या मधोमध छतात एक भेग चालत जाते. तीच मूळ वाट, पाणी तिथून शिरलं आणि बोळ तिच्या दोन्ही बाजूंना रुंदावला. तिसरी, लवणस्तंभ, म्हणजे छतातून लोंबणारे चुन्याचे सुळके. छतातून झिरपलेला थेंब गुहेच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सोडतो, चुना धरून ठेवायची त्याची ताकद कमी होते आणि चुन्याचा कण मागं राहतो. वाढीचा वेग साधारणपणे वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग किंवा त्याहून कमी. म्हणजे बोटभर लांबीच्या लवणस्तंभालाही शेकडो वर्षं लागतात. सर्वात खोल जागा पाताळगंगा, प्रवेशाच्या पातळीपासून सुमारे 46 मीटर खाली. बारमाही छोटा प्रवाह तिथं दिसतो आणि दगडात गडप होतो.

आत बिघडतं ते हवेपासून. बेलममध्ये पंख्यांनी हवा सोडतात, तरी दमटपणा भयंकर असतो आणि घाम वाळत नाही. गुहा म्हणजे गार, या समजुतीनं स्वेटर घालून येणारी मुलं अर्ध्या तासात कासावीस होतात. सुती, पूर्ण बाह्यांचे सैल कपडे, माणशी एक लिटर पाणी, प्रत्येक दहा जणांमागे ओआरएसची दोन पाकिटं. दमा, हृदयाचा त्रास, बंद जागेची भीती ही माहिती पालकांकडून लेखी घ्या आणि इन्हेलर मुलाच्या खिशात हवा, बसमधल्या बॅगेत नको. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड 0.04 टक्के असतो. खोल, बंद बोळांत तो साचतो, कारण जड असतो. दोन-तीन टक्क्यांना डोकं दुखतं, श्वास जलद होतो, पाच टक्के धोक्याचं. त्यामुळे खाली बसल्यावर डोकं जड झालं, जांभया-धाप लागली तर तिथं विश्रांती घेऊ नका, लगेच वर चला. आपल्याकडे जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघतात. गुहेत त्यावर विसंबू नका. ज्योत प्राणवायू कमी झाल्यावर विझते, पण कार्बन डायऑक्साइडनं माणूस त्याआधीच अस्वस्थ होऊ शकतो.

40 मुलांच्या दोन तुकड्या करा, आठ मुलांमागे एक मोठं माणूस, पुढं एक आणि सर्वात शेवटी एक, शेवटच्याला कुणीही ओलांडून मागं राहायचं नाही. दर मोठ्या दालनात मोजणी. लाइट गेली तर काय, हे जिना उतरण्याआधी सांगा: जिथं आहात तिथंच खाली बसा, पुढच्याचा खांदा धरा, बोलू नका, मोठी माणसं टॉर्च लावतील. धावाधावीतच डोकी आपटतात. प्रत्येक मोठ्याकडे डोक्याला बांधायची टॉर्च, खिशात दुसरी टॉर्च आणि नवे सेल हवेत. मोबाइलचा दिवा तिसरा धरा, पहिला धरू नका, हात अडकतो आणि बॅटरी फोटोत संपलेली असते. चपला-सँडल नकोत. दिव्याच्या वाटेबाहेर एक पाऊलही नाही, कितीही छोटा बोळ बोलावत असला तरी. सगळं मिळून सव्वा ते दीड तास पुरतो. शेवटच्या मुलाला वर आणल्यावर दोन्ही तुकड्यांची एकत्र मोजणी करा, मगच बस हलवा.

आता बिल्लासुरगम. इथं बेलमसारखी सोय नाही. छत कोसळून उघडी पडलेली घळ आणि तिच्या कडेनं गुहा, असं रूप आहे. कॅप्टन न्यूबोल्ड यांनी 1844 मध्ये इथल्या हाडांच्या साठ्याकडे लक्ष वेधलं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या ब्रूस फूट यांनी 1884-85 मध्ये मुलासह इथं उत्खनन केलं. हे तेच फूट, ज्यांना 1863 मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला दगडी हातकुऱ्हाड मिळाली आणि भारतातल्या अश्मयुगाचा अभ्यास सुरू झाला. हाडांची रेलचेल पाहून एका गुहेला त्यांनी चार्नेल हाऊस, म्हणजे अस्थिगृह, असं नाव दिलं. कॅथीड्रल आणि पर्गेटरी ही शेजारची नावंही त्यांचीच. पुढं 1970 च्या दशकात पुरातत्त्वज्ञ एम. एल. के. मूर्ती यांनी जवळच्याच मुच्छट्ल चिंतमानु गवी या गुहेत उत्तर पुराश्मयुगाचे (जुन्या अश्मयुगाच्या शेवटच्या टप्प्याचे) थर उघडले, दगडी आणि हाडांची हत्यारं मिळाली आणि चुलीची जागाही. अलीकडच्या उत्खननांतून बिल्लासुरगमच्या गाळात दोन लाख वर्षांच्या काळातले प्राणी मोजले गेले आणि त्यातले बहुतेक आजही भारतात आहेत, असं दिसून आलं. मुलांना सांगण्यासारखी हीच मोठी गोष्ट आहे: ज्या काळात इतर खंडांतले मोठे प्राणी नाहीसे झाले, त्या काळात इथले टिकले.

हाडं इथंच का टिकली, याचंही उत्तर कडप्प्यात आहे. चुनखडीतल्या गुहेचा गाळ चुन्यामुळे आम्लधर्मी राहत नाही. आम्लधर्मी मातीत हाड काही काळात विरून जातं, इथं राहतं. वर चुन्याचा थर पसरला तर तो झाकणासारखा बसतो आणि त्या झाकणाचं वय युरेनियम-थोरियम पद्धतीनं काढता येतं, पाच लाख वर्षांपर्यंत. कोळशाचं कार्बन-14 नं, सुमारे 50 हजार वर्षांपर्यंत. म्हणजे थरांचा क्रम शाबूत असेल तर गुहेचा गाळ म्हणजे तारखा घातलेली वही.

ही वही वाचायची कशी? जुन्या उत्खननाच्या उभ्या कापलेल्या बाजू किंवा नैसर्गिकपणे कापल्या गेलेल्या कडा दुरून, हात न लावता पाहा. रंग बदलतो तिथं थर बदलतो. तांबूस माती बहुधा वरून आलेली. टोकदार चुनखडीचे तुकडे छताचे. गोलसर गोटे पाण्यानं आणलेले. चुन्यानं एकमेकांत चिकटून दगडासारखा झालेला थर पाहिला की त्यातच हाडं अडकलेली असायची शक्यता जास्त. आता त्यात एखादा क्वार्टझाइटचा, म्हणजे वाळूच्या कणांपासून झालेल्या कठीण दगडाचा, तुकडा दिसला तर थांबा. तो दगड चुनखडीच्या गुहेचा नाही, तो आणलेला आहे: पाण्यानं किंवा हातानं. पाण्यानं आणला असता तर कडा झिजून गोल झाल्या असत्या. हातानं फोडलेल्या छिलक्याला एका टोकाला घाव बसल्याची छोटी सपाट जागा, तिच्याखाली टम्म फुगवटा आणि त्यापासून लाटा पसरत गेलेल्या दिसतात. हे तिन्ही एकत्र असतील तरच हातानं फोडलेला म्हणा.

हाडांत फसगत सर्वात जास्त होते, म्हणून थोडं थांबतो. गुहेत हाडं आणणारा माणूसच असतो असं नाही. सायाळ हाडं कुरतडायला बिळात आणते. तिच्या दातांचे सपाट, रुंद, एकमेकांना लागून समांतर चर पडतात. तरसाचे किंवा कुत्र्या-कोल्ह्याचे दात गोलसर तळाचे खड्डे आणि चर करतात, हाडाची टोकं चावलेली असतात. दगडी पात्याची खूण अरुंद, इंग्रजी व्ही सारखी, आत भिंगातून दिसणाऱ्या केसासारख्या समांतर रेघा, आणि ती सांध्यापाशी किंवा मांस सोडवायच्या जागीच असते, कुठंही नसते. झाडाच्या मुळांनी कोरलेल्या नागमोडी रेघांना लोक हमखास चित्र समजतात. काळं हाड म्हणजे भाजलेलं हाड, हाही घोळ आहे. चुनखडीच्या गुहेत मँगनीजचे काळे डाग हाडावर सहज बसतात. भाजलेल्या हाडात काळा, राखाडी आणि पांढरा असे पट्टे येतात, ते आतपर्यंत जातात आणि बारीक भेगा पडतात. मँगनीजचा डाग वरवर, ठिपक्या-फांद्यांसारखा. तसंच टोकदार तुटलेलं प्रत्येक हाड अवजार नसतं. घासल्याची एकसारखी झिलई टोकावर नसेल तर ते तुटलेलं हाड. चुलीचं तेच. खालची माती भाजून लालसर झालेली, वर राख आणि कोळशाचा पट्टा थराच्या आत दबलेला असेल तर विचार करायचा. वर पसरलेला कोळसा गुराख्यांचा किंवा मध काढणाऱ्यांचा असतो.

म्हणून मुलांकडून चिमट्यानं वेचायचं काम करून घेऊ नका. त्यांना एक मीटरची पट्टी, वही आणि पेन्सिल द्या. मोकळ्या दगडावर बसवा आणि समोरच्या कापलेल्या कडेचं चित्र काढायला लावा: किती थर, प्रत्येकाचा रंग, खडे टोकदार की गोल, कुठं पांढरा चुना. अर्धा तास द्या. पंचवीस मिनिटांनंतर मुलांना आधी न दिसलेले थर दिसू लागतात, घाई केली की तिसऱ्या थरावर थांबतात.

चालताना कुणीतरी आधी वापरलेल्या पायवाटेवरूनच चाला, ओळीनं. गाळाच्या मऊ पृष्ठभागावर एका बुटाचा ठसा किती काळ टिकतो, हे गुहेतच कळतं. वारा नाही, पाऊस नाही. फ्रान्समधल्या लास्को गुहेचं उदाहरण मुलांना द्या. 1940 मध्ये सापडली, 1948 मध्ये लोकांना खुली झाली, दिवसाला हजारावर माणसं येऊ लागली. त्यांच्या श्वासानं, दिव्यांनी भिंतीवर शेवाळ चढलं आणि 1963 मध्ये ती बंद करावी लागली. हाताला तेल असतं, लवणस्तंभावर बोट फिरवलं की पाणी त्या जागी धरत नाही, वाढ थांबते आणि नंतर तिथं काळपट डाग राहतो. उदबत्ती, कापूर, मशाल काही नको: काजळी भिंतीवर बसते आणि आजचा कोळसा गाळात मिसळला तर पुढच्या अभ्यासकाची तारीख चुकते. डबा आत उघडायचा नाही, चुरा पडतो. प्राचीन स्मारकांबाबतचा 1958 चा कायदा संरक्षित जागेला इजा करणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत तुरुंगवास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवतो. मुलांना दंडापेक्षा आधी सांगितलेलं वहीचं कारण जास्त पटतं, तेच पुढं करा.

बिल्लासुरगमच्या कड्याखाली जाण्याआधी एक गोष्ट न चुकता करा: मान वर करून कड्यावर आग्या मोहोळ आहे का बघा. असेल तर त्या बाजूला जाऊच नका. तीव्र अत्तर, डिओ, धूर, ड्रोन आणि आरडाओरड यांनी ते उठतात. उठले तर तोंड झाकून बसच्या दिशेनं पळा, हात झटकू नका, काटा लवकर खरवडून काढा आणि खूप दंश असतील तर तडक दवाखाना. वटवाघळांच्या जागी टॉर्च छतावर मारू नका. त्यांच्या सुक्या विष्ठेत हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी वाढू शकते, ती फुप्फुसात जाते. भुकटी उडणाऱ्या बोळात मुलांना नेऊच नका आणि मोठ्यांनीही एन-95 मास्कशिवाय जाऊ नये. खाली पडलेलं वटवाघूळ हातानं उचलायचं नाही. दगडाखाली हात घालायचा नाही, विंचू असतात. पाऊस आला तर घळीतून लगेच बाहेर.

माझं स्पष्ट मत: 40 मुलं एकदम बिल्लासुरगमला नेऊ नयेत. बेलम सगळ्यांना दाखवा. दुसऱ्या दिवशी निवडक 12-15 मुलं, तीन मोठी माणसं आणि बेटमचर्लामधला एक स्थानिक माणूस, असं पथक जाऊ द्या. उरलेल्यांना बनगानपल्लीजवळच्या यागंटीच्या मंदिराकडे न्या, तिथंही गुहा आहेत. यागंटीजवळच्या ज्वालापुरममध्ये सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे 74 हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची राख थरात सापडली आणि तिच्या वर-खाली दगडी हत्यारं मिळाली. वाटेत ही गोष्ट सांगायला सोयीची. मोठ्यांपैकी एकानं बेटमचर्लात थांबावं आणि पथक परतायची वेळ त्याच्याकडे लिहून ठेवावी. त्या वेळेनंतर तासभर कुणाचा पत्ता नाही तर पोलिसांना फोन, वाट बघत बसायचं नाही.

आणि खरंच काही सापडलं तर? उचलू नका, पुसू नका, पाणी ओतू नका. पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा: एक जवळून, एक दोन मीटरवरून, एक मागची ओळखीची खूण दिसेल असा. मोबाइलमधल्या नकाशावर जागा नोंदवा आणि आंध्रच्या पुरातत्त्व खात्याला कळवा. हाच प्रकार पुढं आपल्या जिल्ह्यात घडला तर महाराष्ट्राच्या खात्याला. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जागेचा पत्ता टाकू नका. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्व संग्रहालय एका दिवसात होण्याजोगं आहे, सहलीआधी तिथं जाऊन आलात तर मुलांची नजर हातकुऱ्हाड आणि छिलक्यावर तयार होते आणि बिल्लासुरगमच्या कड्यासमोर निम्मे प्रश्न तीच विचारतात.